निळ्या पट्टीवर राणी

हेमंत गावसाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्या दुःखाची त्याला हळूहळू सवय झाली. पत्रादेवीच्या सीमानाक्याची मात्र काही केल्या होईना.

बांद्याहून गोव्याच्या बाजूला निघालं की नाका यायला कपभर चहाइतकाही वेळ लागत नाही. तेवढ्यात हेमंत अपंगाचा धडधाकट व्हायचा. अपंगांच्या जागेत गाडी लावायचं त्याचं कार्ड महाराष्ट्राचं; गोव्यात ते चालत नसे. म्हापशाच्या डायलिसिस केंद्रापुढे चाकाच्या खुर्चीचं चित्र रंगवलेली जागा रिकामी पडलेली असायची, आणि वाहतूक पोलीस कार्ड उलटंसुलटं करून सांगायचा, "हे तुमच्याकडचं. आमच्याकडे नाही हं चालत." हेमंत खिडकीतून कुबडीचं टोक बाहेर काढून विचारायचा, "सायबानू, पत्रादेवी ओलांडली काय पाय फुटता माणसाक?" पोलीस पोटभर हसायचा आणि गाडी मागच्या गल्लीतच लावायला लावायचा.

मग गल्लीपासून केंद्राच्या दारापर्यंत वरात. हेमंतच्या डाव्या काखेत कुबडी, उजवा हात बायकोच्या खांद्यावर. बायको म्हणजे प्रणिता. तिचा डावा हात त्याच्या कमरेला, आणि उजव्या हातात चादर, डबा, बाटली कोंबलेली पिशवी. रक्त गाळून झालं की तीच वरात उलटी. आणि गाडीत बसला की कोलवाळचा पूल यायच्या आत हेमंत झोपलेला. डायलिसिस माणसाला धुऊन पिळलेल्या कपड्यासारखं करून सोडतं.

हा हेमंत एके काळी दशावतारात बायकांची कामं करायचा. त्याची राणी बघायला लोक घाट उतरून यायचे. प्रणिता बांद्याच्या बाजारात शिवणकाम करायची. नवऱ्याचं पहिलं माप तिनं घेतलं ते ब्लाउजचं. हे ती कुणालाही सांगायची, आणि हेमंत लाजायचा. राणीसारखा नाही, अगदी बाप्यासारखा. पुढे साखरेनं त्याच्या तळपायांची जाणीव नेली. रंगमंचाच्या फळीतला खिळा पायात घुसला तरी तो नाटक संपेपर्यंत नाचत राहिला, आणि रक्त दिसलं ते लुगडं फेडताना. आधी पाय गेला, मागोमाग मूत्रपिंडं. मूलबाळ नव्हतं. होती ती हातानं चालवायची जुनी गाडी आणि ती चालवणारी प्रणिता. आपोआप चालणाऱ्या टॅक्स्या तोवर दोन्ही बाजूंना आल्या होत्या. पण विम्याचं भांडण मिटलं नव्हतं, म्हणून त्या नाक्यापाशी येऊन गाईंसारख्या उभ्या राहायच्या. माणसानं एकीतून उतरून, नाका चालत ओलांडून, पलीकडच्या दुसरीत बसायचं. ज्याला हे जमतं त्याला टॅक्सी कशाला लागते, असं प्रणिता म्हणायची.

मग एकदाचा करार झाला. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तिघांनी एकमेकांचे राखीव जागेचे परवाने मान्य करायचे. पण मान्य काय करायचं यावर बैठका अडल्या. एका राज्याचा डॉक्टर हाडं मोजून टक्के देणार, दुसऱ्याचा जिने चढायला लावून. तुमचे साठ टक्के आमचे चाळीस. कुणी कुणाच्या सहीवर विश्वास ठेवीना. शेवटी एक शहाणा म्हणाला, कागद सोडा, चालणंच मान्य करा.

म्हणून राखीव जागांच्या तोंडाशी जमिनीत पट्ट्या बसवल्या. सिमेंटमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू, त्यांतून सतत प्रकाश वाहतो. पाऊल पडलं की तंतू किंचित वाकतो, प्रकाश किंचित बदलतो. टाच आधी टेकली की चवडा, वजन कुठून कुठं सरकलं, दोन पावलांत किती ढिलाई, हे त्या बदलावरून कळतं. शेजारच्या खांबातलं छोटं रडार हात, खांदे, मान बघतं. प्रत्येकाची चाल अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी, त्यामुळे माणूस कोण तेही पट्टीच ओळखते. यंत्राला आधी लाखो लोकांच्या चाली दाखवल्या होत्या, त्यांच्या दुखण्यांच्या नोंदींसकट. जागा तुमची असेल तर पट्टी निळी होते. नसेल तर काळी राहते. ना कार्ड, ना पोलीस.

पहिल्या दिवशी हेमंत आणि प्रणिता एकमेकांना धरून त्या पट्टीवर आली आणि पायाखाली निळं उमटलं, तेव्हा हेमंत थांबला. कुबडी काखेत दाबून त्यानं समोरच्या रिकाम्या रस्त्याला नमस्कार केला, पडदा उघडल्यावर करायचा तसा.

"चला आता," प्रणिता म्हणाली. "प्रेक्षक खोळंबलेत."

*

हे असं वर्षभर छान चाललं. नंतर एकदा हेमंत मशीनला लागल्यावर प्रणिताच्या लक्षात आलं, चादर गाडीतच राहिली. ती आणायला ती एकटी खाली आली. तिच्या एकटीच्या पायाखाली पट्टी निळी झाली आणि खांब अदबीनं बोलला, "आपल्यासाठी परवाना तयार आहे. स्वीकारायचा असल्यास खांबावर हात ठेवा."

तिनं हात ठेवला. त्या घरात परवाना कधी हेमंतचा नव्हताच. तो 'आमचा' होता, जसा गॅस आमचा आणि रेशन आमचं. त्याचाच नवा आला असेल, असं वाटून तिनं तो घेतला आणि चादर घेऊन वर गेली.

वॉर्डातल्या शिवानंद ब्रदरला तिनं गंमत म्हणून सांगितलं. तो सुई नीट करत म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या पायांनी चाललात. त्या पट्टीला बिचारीला कोण कोण ते समजेना."

हेमंत पडल्या पडल्या हसला. "बग, शेवटाक माझी चाल तुका लागली. लोक माझ्याकडे शिकवणी लावूक येयत. तुका फुकट."

"फुकट कसली? खांदो झिजलो माझो."

मग ते निळं सगळीकडेच तिच्या मागे लागलं. सावंतवाडीत कापड आणायला एकटी गेली तर दुकानासमोरची पट्टी निळी. बँकेपाशी निळी. पहिल्यांदा तिला चोरी केल्यासारखं वाटलं, मग बरं वाटायला लागलं. आयुष्यात रस्त्यानं तिला एवढा मान कधी दिला नव्हता. हाताशिलाईचे तिचे टाके हल्ली बारीक पडत होते, इतके की उसवायला ब्लेड शिरत नसे. गिऱ्हाइकं म्हणायची, "हात भारी बसलाय हो तुमचा." तेही बरंच वाटायचं.

महिन्याभरानं फोनवर निरोप आला. तिचा परवाना तिन्ही राज्यांत मान्य झाला होता. त्याच कारणानं तिचा गाडी चालवायचा परवाना तिन्ही राज्यांत रोखून धरण्यात येणार होता. हरकत असल्यास महिनाअखेरीच्या आत पत्रादेवीच्या तपासणी केंद्रात येऊन चालून दाखवावं.

*

केंद्रातल्या डॉक्टर नोरोन्या प्रणिताच्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी पंखा तिच्याकडे वळवला, मग संगणकाचा पडदा.

"चूक झालीय," प्रणिता म्हणाली. "पट्टी मला आणि यांना एकच समजते. आम्ही धरून चालतो ना."

"त्यांचं वेगळं, तुमचं वेगळं. ते बघा." पडद्यावर दोन रेघा होत्या. एक पांगळी, उड्या मारत जाणारी, ती हेमंतची. दुसरी सरळ, फक्त हळूहळू बसकी होत गेलेली. "तुमचा उजवा हात हलत नाही चालताना."

"हातात पिशवी असते."

"पिशवी नसतानाही नाही हलत."

प्रणितानं उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर होता, शेजारणीचं मूल सांभाळायला घ्यावं तसा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कंपवात. कंप मागाहून येतो, कधी येतही नाही. चाल मात्र वर्षानुवर्षं आधी बदलते. चालणं हे मेंदूच्या आतल्या एका भागाचं काम, तो बिनबोलता पाय टाकत राहतो, म्हणून आपल्याला प्रत्येक पाऊल ठरवावं लागत नाही. त्या भागातल्या पेशी झिजू लागल्या की आधी हात हलायचा विसरतो, मग पाऊल आखडतं.

"मला तर काहीच होत नाही."

"आज नाही होत. पण परवाना पाच वर्षांचा असतो ना? मग यंत्राला विचारायचं काय? बैठकीत ठरलं, पाच वर्षांत या माणसाला ही जागा लागेल का, ते विचारायचं. पुन्हापुन्हा खेपा नकोत लोकांना, एवढाच हेतू होता." डॉक्टर नोरोन्यांनी पडद्याकडे बोट केलं. "यंत्रानं उत्तर दिलं. ते इतकं पुढचं बघेल असं बैठकीत कुणाला वाटलं नव्हतं."

"पण यांना पाय नाही तरी यांचं लायसन रोखलं नव्हतं कुणी."

"पाय नसलेल्या माणसाला तो नाही हे माहीत असतं. तुमचा पाय असेल आणि एखाद्या वेळी ऐकणार नाही. ब्रेकवर असताना."

औषध होतं. लवकर सुरू केलं तर दुखणं पुष्कळ वर्षं थोपवता येत होतं. पण ते सरकारच देणार, तेही परवाना ठेवणाऱ्यालाच, आणि परवाना ठेवला तर गाडी सोडायची. एका राज्यानं ओळखलं म्हणजे तिघांनी ओळखलं. करारच तसा होता.

"आणि मी चालून दाखवलं तर? तुमच्या पट्टीनं ठीक म्हटलं तर?"

"तर परवाना रद्द, गाडी तुमची." डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "औषधही गेलं, बाई."

*

प्रणितानं घरी येऊन हेमंतला सगळं सांगितलं. भाताचा कुकर लावताना सांगितलं, म्हणजे त्याच्याकडे पाठ करून.

"मग औषध घे," हेमंत म्हणाला. "झाला."

"आणि तुमका म्हापशाक कोण नेतलो?"

"खंयसून तरी कोणाक आणूया."

"खंयसून?"

त्यांनी नावं घेऊन पाहिली. हेमंतचा चुलतभाऊ पुण्यात. नाटक कंपनीतला मृदंगवाला स्वतःच काठी टेकत फिरतो. टॅक्स्या अजून नाक्यापाशीच थांबतात. जिल्ह्यातली मशीनं बाराही महिने भरलेली, तिथं नाव नोंदवलेले लोक नंबर यायच्या आधीच जातात. म्हापशाला खोली घेऊन राहायचं तर शिवणाचं गिऱ्हाईक बांद्यात. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तोवर नावं संपली.

"तुमी माका चालूक शिकवा," प्रणिता म्हणाली.

"काय?"

"बाप्या असून बाईसारखे चालायचात. बघणाऱ्या बायकांका सुद्धा कळायचा नाय. माका फक्त धडधाकट बाई होऊक व्हया. माझ्याच वयाची."

"नको."

"का नको?"

"मी रंगमंचावर खोटा चाललंय. ता सगळ्यांका ठावक होता, तिकीट काढून बघायचे." त्याचा आवाज चढला. "तुझा औषध बुडवून मी रक्त गाळून घेव? नको गो. माका नको ता."

ती वळली आणि कट्ट्याला टेकून उभी राहिली. आता तो तिसऱ्यांदा नको म्हणेल, म्हणून ती वाट बघत होती. त्याच्या काय मनात होतं कोण जाणे. पण तो बघत होता तिच्या उजव्या हाताकडे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली टिपणाऱ्या माणसाला शेजारी चालणाऱ्या बायकोचा हात दिसला नव्हता. की दिसला होता? हे तिनं विचारलं नाही. तिसरा नकार आला नाही. भात मुरला, त्यांनी जेवून घेतलं, आणि पानं उचलल्यावर हेमंत कुबडी घेऊन घरापुढच्या खळ्यात गेला.

"पदर खोच," तो बाहेरून म्हणाला. "नि थंय तुळशीकडे उबी रव."

*

हेमंत मास्तर म्हणून वाईट होता. सगळे चांगले नट असतात तसा.

"उजवो हात बग. मेल्यासारखो लोंबता."

"माझो हात हा, तुमचो न्हय. सांभाळून बोला."

"राणीक घाई नाय. तिका ठावक आसा, समोरचो वाट देतलो. खांदो सोड. टाच आधी. वाजता नये. हां... आता इचार करू नको."

विचार न करता तिला येईना. विचार करून केलं तर पायात पाय यायचा. दोघंही चिडली, एकमेकांच्या माहेरसासरपर्यंत जाऊन आली. शेवटी हेमंतनं बादली पालथी घातली, तिच्यापुढे पायरीवर बसला आणि बोटांनी राणीच्या प्रवेशाचा ठेका धरला. संथ, भारदस्त, मध्ये एक मात्रा मुद्दाम लांबवलेली; तिथं राणी मान वळवते.

आणि प्रणिता चालली.

तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून तुळशीपर्यंत. उजवा हात सुटला, पुढे गेला, मागे आला. खांदे उतरले. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि महिने म्हणजे किती हे तिला त्याच क्षणी कळलं. जड होत गेलेलं हलकं झाल्याशिवाय कळत नाही. हेमंत वाजवता वाजवता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ठेका चुकला नाही. शेजारची सुमन मधला दगडी गडगा धरून उभी राहिली होती. म्हणाली, "गो बाई, ह्या वयात नाटकात जातंस काय?"

"जातंय," प्रणिता म्हणाली. "नवऱ्याच्या जाग्यार."

रोज संध्याकाळी बादली वाजली. मग बादली बंद, नुसती चुटकी. मग चुटकीही बंद. ठेका तिनं मनात धरायचा. ती बाजारात जाताना, पाणी भरताना मनात बादली वाजवायची. सुटली की हात पुन्हा लोंबायचा. तोवर पट्ट्याही वाढत चालल्या होत्या: पोस्टात, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायऱ्यांपाशी. अपंगांना पायऱ्यांऐवजी असलेल्या उतरणी दाखवायला म्हणून बसवल्या, असं म्हणत. काळ्या, गप्प, कुणाच्या पायाखाली निळ्या व्हायचं ते ठरवत पडलेल्या. खरीखुरी प्रणिता आता फक्त घरात चालायची. घरातही कमीच.

*

महिनाअखेर डायलिसिसच्याच दिवशी आली. म्हापशाला जाताना ती दोघं सकाळी पत्रादेवीच्या केंद्रात थांबली. लांब खोली, मधोमध पट्टी, दोन्ही भिंतींना रडारचे खांब. हेमंतला दाराबाहेर बाकावर बसवलं. दार लागण्याआधी त्यानं तिच्याकडे पाहून मान वळवली, ती लांबवलेली मात्रा.

प्रणिता चालली. जाऊन आली, पुन्हा गेली. पट्टी काळीच राहिली. डॉक्टर नोरोन्यांनी तिला पाठीमागून हाक मारली, वळायला लावलं, बोलता बोलता चालायला लावलं. तिनं बोलणं ठेक्यात बसवलं. पट्टी काळी. पडद्यावर हिरवी खूण आली.

डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ मोठी करून पाहिली.

"माणूस इतकं सारखं चालत नाही," त्या म्हणाल्या. "माझीही रेघ इतकी सरळ येत नाही."

प्रणितानं पदर सारखा केला.

"मनात काही वाजत होतं का?"

"काही नाही."

"या दुखण्याची माणसं ठेक्यावर चालतात. चांगली चालतात, नाचतातसुद्धा. आतला भाग झिजलेला असतो ना; ठेका बाहेरून आला की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. म्हणून ते बरं होणं नव्हे." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि त्या वाटेची सवय लागली की जुनी वाट लवकर बुजते, असं आम्हाला वाटतं. मग ठेका थांबला की पाय जागेवर रुततो. खिळा मारल्यासारखा."

"तुमचं यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र म्हणतं, तुम्ही ठणठणीत."

"मग?"

"मग काय. त्याचं तिन्ही राज्यांत चालतं. माझं एकातच." डॉक्टरांनी पडद्यावर बोट टेकवलं. परवाना रद्द झाला. "गाडी सावकाश चालवा, बाई."

बाहेर येताना प्रणितानं हेमंतला नुसती मान हलवून दाखवली. तो बाकावरून उठताना पडता पडता वाचला, आणि उरलेल्या वाटेत तिला दोनदा म्हणाला, "काळी? अगदी काळी?"

*

डायलिसिस उशिरा संपलं. उन्हं कलली होती. प्रणिता गाडी दाराशी आणण्यासाठी पुढे निघाली. हेमंत शिवानंद ब्रदरला धरून दारात उभा होता. अंग पिळून निघालं होतं, चेहरा मेणाचा. पण तो खुशीत होता. "आमची हिरोईन बग," तो ब्रदरला सांगत होता.

राखीव जागेच्या पट्टीपाशी प्रणिता आली. दिवसभर मनात वाजवून वाजवून ती थकली होती. आता झालं एकदाचं, असं म्हणून तिनं बादली थांबवली.

उजवा पाय उचलला नाही.

तिनं खाली पाहिलं. चप्पल होती, चपलेत पाय होता. दुखत नव्हता, बधिर नव्हता. फक्त तिचा नव्हता. अंग पुढे निघालं होतं, ते तसंच तोल सांभाळत ओणवलं. तिनं ठेका आठवायचा प्रयत्न केला. पहिली मात्रा सापडेना. मागून एक रिक्षा हॉर्न देत होती. पायाखाली पट्टी निळी झाली आणि खांब अदबीनं म्हणाला, "आपल्यासाठी परवाना तयार आहे."

टक. टक, टक. टक.

दारातून कुबडीचा आवाज आला. लादीवर, संथ, भारदस्त. लांबवलेल्या मात्रेशी थांबून पुन्हा. प्रणिताची मान वळली आणि पाय उचलला. ती चालत गाडीपर्यंत गेली. पट्टी काळी झाली. खांबाचं पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"वहिनींना काय झालं?" ब्रदरनं विचारलं.

"काय नाय," हेमंत म्हणाला. "ठेको चुकलो."

दोघं गाडीत बसली. दुसरी कुणी बाई किंवा दुसरा कुणी पुरुष असता तर म्हणाला असता: इथंच उतरू, कुणाला तरी बोलावू. उद्याचं जाऊ दे, परवा पुन्हा यायचं होतं, तेरवानंतर पुन्हा. प्रणितानं किल्ली फिरवली. उजवा पाय ब्रेकवर होता. तिनं तो उचलून बघितला. मग हेमंतनं आपणहून डाव्या हाताचं बोट पुढच्या फळीवर टेकवलं आणि वाजवायला सुरुवात केली.

गाडी हमरस्त्याला लागली. ठेका होता तोवर पाय हलका होता. दाब म्हटलं की दाबत होता, सोड म्हटलं की सोडत होता. समोरून ट्रक येत होते, कडेनं शाळेतून सुटलेली पोरं सायकली हाकत होती. प्रणितानं काचेतून नजर न काढता ऐकत राहायचं ठरवलं. बस्स, एवढंच. ऐकत राहायचं.

पुढं कोलवाळचा पूल दिसू लागला. पुलाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या होत्या, मागचे लाल दिवे एकेक करून पेटत होते. बोट वाजत होतं. टक. टक, टक. मग लांबवलेली मात्रा आली.

ती जरा जास्तच लांबली.

"अहो," प्रणिता म्हणाली.

"आसंय गो," हेमंत म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "जागो आसंय."

बोट पुन्हा पडलं, एक मात्रा उशिरा. लाल दिवे जवळ येत होते, आणि तिनं पायाला सांगितलं, दाब.